वरच्या देशाचा प्रतिनिधी

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. पाकिटाचा एक कोपरा उघडलेला होता. तो टपालात फाटला की कुणी मुद्दाम उचकटला, हे अजून ठरायचं आहे. पण आतली पानं मोजली, पाचही होती, म्हणून तूर्त तो विषय बाजूला ठेवला आहे. तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. भाऊजींचा खोकला एका बाटलीत गेला असं तू लिहितेस. मला विचारशील तर खोकला असा जात नसतो, दडून बसतो, तेव्हा त्यांना मफलर इतक्यात सोडू देऊ नकोस. इकडे मी आणि ही, दोघंही खुशाल. तुझी भाची पाच दिवस माझ्याशी अक्षर बोलली नव्हती. आता बोलते. मधल्या पाच दिवसांत जे घडलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही (शिवाय आमच्या फोनमध्ये हल्ली मधूनच एक खरखर येते, ती कुणाची ते कळत नाही), म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

माझी नोकरी तुला ठाऊकच आहे, पण भाऊजींना वाचून दाखवशील म्हणून पुन्हा लिहितो. आमच्या संस्थेत तीन विषय शिकवतात: व्यवस्थापन, विकास-अभ्यास आणि राजनय, म्हणजे साध्या भाषेत मुत्सद्देगिरी. माणसांकडून काम कसं करून घ्यावं, लोकांचं भलं कसं करावं, आणि या दोन्हींतलं काहीच जमलं नाही तर ते गोड शब्दांत कसं सांगावं, असा एकूण अभ्यासक्रम. मी तिथे कार्यालय अधीक्षक. तेवीस वर्षं माझं काम एकच आहे, सहीसाठी आलेला कागद साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी वाचायचा. संस्थेत माझ्या माघारी मला ‘भिंग’ म्हणतात. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी शोधून काढलं.

आमचे संचालक माणूस फार भला. पण कुणाला टपालाची तिकिटं जमवायची हौस असते तशी त्यांना परदेशी संस्थांशी करार करायची हौस. त्यांच्या खोलीत भिंतीवर सतरा करार चौकटीत लावलेले आहेत. त्यातल्या नवव्या क्रमांकाच्या संस्थेला मी तीन वर्षांपूर्वी सहज एक चौकशीचं पत्र टाकलं होतं. उत्तर एका दंतवैद्याचं आलं. या जागेत वीस वर्षं आपलाच दवाखाना आहे, विद्यापीठ कधी नव्हतं, मात्र दाढेचा काही त्रास असेल तर अवश्य यावे. ते पत्र मी साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारला आणि चौकट तिथेच राहू दिली, कारण ती काढली तर मागचा ओलीचा डाग दिसतो.

तर या अशा भिंतीवर अठरावी चौकट लावायची वेळ आली. पत्र तू राहतेस त्याच देशातल्या एका संस्थेचं होतं. तिन्ही विषयांत भागीदारी करू, अध्यापकांची देवाणघेवाण करू, आणि तुमच्या मुत्सद्देगिरीच्या वर्गातले सगळे विद्यार्थी एक सत्र आमच्याकडे ठेवून घेऊ, असा मजकूर. मी पत्र चारदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. मोठ्या संस्थेच्या पत्रात निदान आमचं नाव तरी चुकलेलं असतं. शिवाय त्यांनी आमच्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं, फक्त एक वाक्य होतं: विद्यार्थ्यांची संख्या कळवावी, ती अचूक असावी. जो माणूस काही मागत नाही आणि नुसती संख्या विचारतो, त्याच्याशी जपून राहावं असं माझं मत मी टिपणात मांडलं. साहेबांनी ‘पाहिले’ लिहिलं आणि मुत्सद्देगिरीच्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत असं उलट टपाली कळवून टाकलं.

ताई, त्या वर्गात विद्यार्थी चार आहेत. साहेबांनी गेल्या काही वर्षांत माहितीपत्रक घेऊन गेलेले सगळे त्यात धरले होते. आणि त्या चौघांत एक तुझी भाची. (तिच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून घरी बसलो होतो, उगाच कुणी बोट दाखवायला नको. ती पहिली आली. पेपर कुणी तपासले याची चौकशी मी नंतर केली, तेव्हा ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली होती.) आता तुझ्या लक्षात येईल की भीती मला दोन्ही बाजूंनी होती. संस्था खोटी निघाली तर पोरीची फसवणूक, आणि खरी निघाली तर आमचा आकडा उघडा.

मंगळवारी सकाळी तिघं जण आले. एक उंच प्राध्यापक, व्यवस्थापनाचे. ते सगळ्याला हसत. मी दाराकडे बोट दाखवलं तरी हसले. दुसरे विकास-अभ्यासाचे, ते ज्याला-त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारत आणि उत्तर येण्याआधी मान हलवत. तिसऱ्या एक बाई. पन्नाशीच्या, सपाट चपला, राखाडी पिशवी. त्यांचं नाव यादीत टंकलेलं नव्हतं, खाली शाईने वाढवलेलं होतं आणि नावापुढे हुद्दा नव्हता. ज्याच्या नावापुढे हुद्दा नाही तोच खरा कामाला आलेला असतो, हे मी तेवीस वर्षांत शिकलो आहे. स्वागताची भाषणं चालू होती तेव्हा बाई फाटकावरच्या नोंदवहीची मागची पानं उलटत होत्या. मग त्यांनी प्रसाधनगृहात जाऊन तिन्ही नळ उघडून पाहिले. ग्रंथालयात गेल्या, एक जाडसं पुस्तक काढलं, पण वाचलं नाही; आतल्या चिठ्ठीवर ते शेवटचं कधी बाहेर गेलं होतं ती तारीख टिपून घेतली. मी अर्थातच मागे होतो. त्या वळल्या तेव्हा मी पंख्याचं बटण तपासत असल्यासारखं केलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “ते चालत नाही. मी मघाशीच पाहिलं.”

मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की या बाई हेर आहेत. साहेब म्हणाले, “असू देत. तुम्ही आधी हा टाय लावा.”

ही टायची भानगड अशी. दुपारी पाहुण्यांसमोर वर्गाचं प्रात्यक्षिक होतं आणि चाळीस विद्यार्थी दाखवायचे होते. तेव्हा दोन कारकून, ग्रंथपाल, माळी, साहेबांचा ड्रायव्हर, विजेची कामं करणारे मिस्त्री आणि मिळतील तेवढे व्यवस्थापनवाले बोलावून रांगांत बसवले होते. माळ्याचा टाय ग्रंथपालांनी बांधला, तो इतका घट्ट की त्याचा चेहरा तासभर खऱ्या राजदूतासारखा गंभीर होता. मी नाही म्हणालो. साहेब म्हणाले, “तुम्हाला बोलायचं काही नाही. मागे बसा फक्त.” मी बसलो. आता मागे वळून पाहतो तर सगळं नडलं ते या ‘फक्त’मुळे.

प्रात्यक्षिक म्हणजे लुटुपुटूची वाटाघाट. एक नदी, दोन देश. वरच्या देशाने धरण बांधलंय, खालच्या देशाला पाणी हवंय, दोघांनी बसून तह करायचा. वरच्या देशाची प्रमुख प्रतिनिधी तुझी भाची. पंधरा दिवस ती आरशासमोर बोलत होती. आमच्या घरात भांडी घासतानासुद्धा पाणी सोडायचं की नाही यावर निवेदनं होत होती. ती उठून उभी राहिली, तेवढ्यात त्या उंच प्राध्यापकांनी हसत हसत शेवटच्या रांगेकडे बोट केलं. हे ज्येष्ठ विद्यार्थी इतके गप्प का? यांनाच प्रमुख करू या! आणि गंमत म्हणून खालच्या देशाच्या खुर्चीवर त्यांनी स्वतःच्या बाजूच्या त्या बाईंना बसवलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात जोडल्यासारखं केलं. पोरगी माझ्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

ताई, मी खरं सांगतो, माझा इरादा दोन वाक्यं बोलून उठायचा होता. पण प्राध्यापकांनी तहाचा मसुदा माझ्या हातात दिला. कागद हातात आला की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. दुसऱ्याच कलमात लिहिलेलं होतं, ‘योग्य त्या वेळी पाणी सोडण्यात येईल.’ मी विचारलं, योग्य वेळ कुणाच्या मते? बाई म्हणाल्या, हाच माझा प्रश्न होता, आणि पाणी मोजणार कोण? मी म्हटलं, मोजपट्टी आमच्या हद्दीत. त्या म्हणाल्या, मग मोजणारा आमचा. मी म्हटलं, मोजपट्टीच्या खोलीला दोन कुलपं लावू, एकेक किल्ली दोघांकडे. त्यांनी विचारलं, कुलपं बनवणारा कुठल्या देशाचा? मागून पोरगी कलमांचे आकडे पुरवत होती. दीड तास गेला आणि आम्ही तिसऱ्या कलमावर आलो नव्हतो. हे सगळं खोटं आहे, नदी नाही, धरण नाही, हे मी साफ विसरलो होतो. समोरची बाई माझ्या देशाला शेंडी लावायला आली आहे एवढंच डोक्यात. उंच प्राध्यापकांचं हसू थांबलं होतं, ते भराभर लिहून घेत होते. साहेबांचा चेहरा फुलला होता. माळी टायसकट झोपला होता.

मग बाईंनी फाइल मिटली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “एक प्रश्न, तहाबाहेरचा. या खोलीत तुमचे खरे विद्यार्थी किती?”

साहेब छताकडे पाहायला लागले. पोरीने मागून माझी बाही धरली. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, गप्प राहा म्हणतेय. तुला वाटेल मी फार सत्यवादी आहे म्हणून बोललो. तसं नाही. ती बाई नोंदवही पाहून आली आहे आणि तिला आकडा आधीच माहीत आहे, याची मला खात्री होती, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे खोटं बोलण्याइतका वेंधळेपणा माझ्याच्याने होत नाही. मी म्हणालो, “चार. आणि मी त्यात नाही. मी इथला कार्यालय अधीक्षक.”

बाईंनी वहीत ‘४’ लिहिला. पाहुणे उठले. सहीचा समारंभ चार वाजता होता, तो झाला नाही. साहेब ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. समारंभाच्या टेबलाशी एकटेच बसून राहिले. फुलं होती, दोन नवी पेनं होती. मला म्हणाले, “भिंग, दोन मिनिटं गप्प बसला असतात तर?” तेवीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर. घरी जाताना पोरगी म्हणाली, “बाबा, आधी माझी खुर्ची घेतलीत आणि मग माझं सत्र घालवलंत.” तिथून अबोला.

बुधवारी कार्यालय उघडतंय तोच बाई दारात, एकट्याच. म्हणाल्या, प्रवेशाची मूळ नोंदवही पाहायची आहे. मी म्हटलं, आधी तुमचं ओळखपत्र. त्यांनी दिलं. मी म्हटलं, दुसरं काही? ताई, त्या बाई पहिल्यांदा हसल्या. पिशवीतून दुसरं काढलं, तिसरंही काढलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. मग कळलं की त्या प्राध्यापक नाहीत, हेरही नाहीत. त्यांच्या संस्थेतल्या कार्यालय अधीक्षक. त्यांचे संचालकही करारप्रेमी. एकदा त्यांनी ज्या विद्यापीठाशी करार केला, त्याच्या पत्त्यावर बाई स्वतः जाऊन आल्या, तर तिथे मोटारी उभ्या करायचं मैदान. तेव्हापासून कुठल्याही शिष्टमंडळात त्यांचं नाव शेवटी शाईने वाढवतात. मी त्यांना दंतवैद्याचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि प्रत मागितली.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आमच्या पत्रकात आमचे राजनयाचे विद्यार्थी साठ लिहिलेत, ते तुम्ही वाचलं असेल. ते सात आहेत.” मग लगेच, “आणि वसतिगृहाची एक खोली गळते. कुठली ते मी सांगेन.”

एवढा खरेपणा ऐकून मला धडकीच भरली. पण कराराचा मसुदा समोर होता. बत्तीस पानं. आम्ही बुधवारपासून कामाला लागलो. ‘जागतिक नेतृत्व’ मी खोडलं. ‘परस्पर समृद्धी’ खोडायला गेलो तर त्यांनी आधीच खोडलेलं होतं. ‘भविष्याभिमुख’ या शब्दावर आमचं पंधरा मिनिटं भांडण झालं, कारण दोघांनाही तो आपणच खोडायचा होता. शनिवारी दुपारपर्यंत बत्तीस पानांचं दीड पान उरलं: आमचे चार विद्यार्थी एक सत्र तिकडे, त्यानंतर त्यांचे सात इकडे, एकेक अध्यापक दोन्हीकडून, आणि दर महिन्याला दोन्ही संस्थांनी हजेरीपटाची खरी प्रत एकमेकींना पाठवायची. प्रत्येक ओळ दोघांनी दोनदा तपासलेली. बाई म्हणाल्या, “मंगळवारी तुमच्या मागे बसून जी मुलगी आकडे सांगत होती, तिला एकदा वाचू द्या.” मी म्हटलं, ती माझी मुलगी आहे. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. मी चौकशी केली होती.”

पोरगी आली. माझ्याकडे न पाहता कागद घेतला, उभ्यानेच वाचला, आणि म्हणाली, “यात आम्ही जायचं कधी ते आहे. परत कधी यायचं ते कुठेच नाही.”

ताई, चार दिवस दोन माणसं डोळ्यांत तेल घालून बसली होती. कुलपाला कुलूप लावून ठेवलेलं आणि लेकरं परत आणायची राहून गेलेली. बाईंनी चष्मा काढून पुसला. मी पाणी प्यालो. पोरीने पेन मागितलं, स्वतःच्या अक्षरात परतीची तारीख घातली, आणि पेन माझ्या हातात देताना म्हणाली, “सत्र गेल्याचा राग आला होता, पण त्या दिवशी मी तुमची बाही धरली ती ‘खरं सांगा’ म्हणूनच. तुम्हाला काय वाटलं?” मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. घरी येताना तिने बोलायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही.

सह्या झाल्या. साहेब खूश आहेत. दीड पानच आहे, पण पाहुण्यांचे उंच प्राध्यापक सगळीकडे सांगत सुटले आहेत की अशी वाटाघाट आपण आयुष्यात पाहिली नाही, आणि साहेब ते श्रेय मान लववून घेतात. पोरगी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला निघते. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि तू जिना सावकाश चढ.

तुझा
धाकटा

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. ती संस्था तुमच्या गावापासून आगगाडीने दोन तासांवर आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. सवड काढून एकदा जाऊन ये. माझी बहीण आहेस हे सांगू नकोस. नातवासाठी माहिती हवी आहे म्हण. (नातू सहा वर्षांचा आहे हे सांगायची गरज नाही.) वर्ग सुटताना दारापाशी उभी राहा आणि बाहेर येणारे विद्यार्थी मोज. सात असायला हवेत. सहा असले तरी कळव, आठ असले तरी कळव. आणि हे पोरीला कळू देऊ नकोस.

ता. क. २. पत्र बंद करणार तोच आज दुपारी एक गृहस्थ कार्यालयात आले. पुतण्याला मुत्सद्देगिरी शिकवायची आहे म्हणाले. पुतण्याचं वय विचारलं तर अडखळले. पुढे तासभर व्हरांड्यात उभे राहून वर्ग सुटायची वाट पाहत होते. मी जवळ जाऊन विचारलं, त्या बाई तुमच्या कोण? गृहस्थ ओशाळले. मेहुणी लागतात, हे नोकरीनिमित्त इथे असतात. मी त्यांना चहा दिला, चौघांना रांगेत उभं केलं, त्यांनी मोजले, मी मोजले. इतकी चौकशी करणारी बाई खोटी असणं शक्य नाही, हे आता मला पूर्ण पटलं आहे. तरी तू जाऊन येच.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून कोपऱ्यात चार ओळी. संस्था खरी आहे हे ह्यांना केव्हाच कळलंय. तिथे तीनदा फोन करून झालाय. तिसऱ्यांदा ह्यांनी आवाज बदलला होता, तर त्या बाईंनी ‘नमस्कार, अधीक्षक’ म्हणून आधी मुलीची चौकशी केली. बॅग भरणं चालू आहे आणि हे रोज तिच्या खोलीत कसली ना कसली यादी घेऊन जातात नि तशीच परत आणतात. तुम्ही तिकडे जा, पण मोजायला नको, तिला भेटायला जा. सुट्टीच्या दिवशी जेवायला घरी बोलवा. आणि ह्यांना उलट टपाली ‘इमारत आहे’ एवढंच लिहा. आकडा कुठलाच लिहू नका, नाहीतर पुन्हा जायला लावतील.